फासावरच्या माणसाचे चरित्र कोणी लिहायचे?

कणकुंबीस मलप्रभा उगम पावते आणि आपल्याच खानापूर तालुक्यात नंदगड आहे. तेथे २६ जानेवारी १८३१ रोजी कंपनी सरकारने कित्तूरच्या संगोळ्ळी रायण्णाला वडाच्या झाडाला फाशी दिले. कित्येक पिढ्यांपूर्वी या भागात येऊन स्थिरावलेल्या आपल्या मराठी घराण्यांत त्याचा विषय निघाला, की दोनच उत्तरे ऐकू येतात : ‘तो दरोडेखोर होता’, नाहीतर ‘तो त्यांचा, आपला नव्हे’. या दोन्ही उत्तरांशी आमचा वाद आहे.

पहिल्या उत्तराचे मूळ शोधायचे तर लंडनला जावे लागते. अठराव्या शतकात तेथील न्यूगेट तुरुंगाचा धर्मोपदेशक फाशीच्या कैद्यांची हकीकत व कबुली लिहून घेई आणि ती छापून विकली जाई. जॉन ॲपलबी हा या व्यापारातला नावाजलेला मुद्रक. पुनःपुन्हा तुरुंग फोडून पळालेला जॅक शेपर्ड १६ नोव्हेंबर १७२४ रोजी टायबर्न येथे फासावर गेला, तेव्हा त्याची ‘आत्मकथा’ ॲपलबीनेच विकली. ‘मी’ कैद्याचा, लेखणी दुसऱ्याची आणि नफा तिसऱ्याचा! या हकीकतींचा साचा ठरलेला असे : वाईट संगत, व्यसन, चोरी आणि अखेरीस पश्चात्ताप. त्या नसत्या तर अनेक गरिबांची नावेही आज उरली नसती, हे आम्ही मान्य करतो. परंतु ज्याची हकीकत, त्याला ती छापून आल्यावर खोडून काढता येत नव्हती, हेही विसरता येत नाही.

आपल्याकडे हा प्रकार सरकारी वेषात आला. उमाजी नाईकांना १८३२ साली पुण्यात फाशी झाली आणि १८३३ साली मुंबईच्या अमेरिकन मिशन छापखान्यातून कॅप्टन मॅकिन्टॉश यांचे रामोशी जमातीवरील इंग्रजी पुस्तक निघाले. उमाजींचे चरित्र त्यातच आहे. पुस्तक माहितीने समृद्ध आहे, यात शंका नाही. पण ते लिहिणारा कंपनीच्या फौजेतला अधिकारी होता. पुढे एकेका माणसावरचा शिक्का सबंध जमातींवर बसला. १८७१ साली आलेला गुन्हेगार जमातींचा कायदा १९५२ साली रद्द झाला, तोवर कित्येक मुले जन्मतःच गुन्हेगार ठरली.

आता आमचा प्रश्न असा. उमाजी रामोशी, म्हणजे किल्ल्याच्या व गावाच्या रखवालीचे परंपरागत हक्क असलेल्या समाजातले. रायण्णा कित्तूरचा शेतसनदी, म्हणजे जमिनीच्या मोबदल्यात शिपाईगिरी करणारा. कंपनीच्या नव्या अंमलात दोघांच्याही हक्कांवर गदा आली आणि दोघांनीही शस्त्र उचलले. रायण्णाने कचेऱ्या जाळल्या, खजिने लुटले. उमाजींनीही सरकारला असेच जेरीस आणले. मग उमाजी ‘आद्य क्रांतिवीर’ आणि रायण्णा ‘दरोडेखोर’, हा न्याय कोणत्या तराजूतला? एकाची भाषा मराठी व दुसऱ्याची कन्नड, याहून निराळे कारण कोणी दाखवील काय? सीमाप्रश्नाचे दुःख आम्हांसही आहे. पण त्या दुःखापायी कंपनी सरकारची लेखणी आपण आपल्या हाती का धरावी?

रायण्णाला ॲपलबी भेटला नाही. त्याची कथा कन्नड गीगी पदांनी गावोगाव जागती ठेवली. बेळगाव परिसरातल्या भीमराव गस्ती यांनी ‘बेरड’ हे आत्मकथन मराठीतच लिहिले आणि ज्यांच्याविषयी इतरांनीच लिहावे असा प्रघात होता, त्यांच्यातलाच एक माणूस स्वतः बोलला. लक्ष्मण गायकवाडांच्या ‘उचल्या’ने तेच केले आणि १९८८ साली त्याला साहित्य अकादमीचा पुरस्कारही मिळाला. ही पुस्तके कपाटात ठेवून ओसरीवर मात्र बेरडांच्या चोऱ्यांच्या जुन्याच गोष्टी रंगवणे आपल्याला शोभत नाही.

त्या गोष्टी टाकून द्याव्यात, असे आमचे म्हणणे नाही. त्या सांगताना ही हकीकत प्रथम कोणी लिहिली, कोणासाठी लिहिली आणि तिच्यात कोणाचा लाभ होता, एवढे मुलांना अवश्य सांगावे. आणि एकदा त्यांना घेऊन नंदगडला जावे. ते काही परक्यांचे गाव नाही.