गाडी राहिली, कंपनी गेली
(बी. ए. द्वितीय वर्ष)

माझे चुलते लोहा ते अहमदपूर अशी काळी-पिवळी जीप चालवतात. घरात आम्ही त्यांना तात्या म्हणतो. गेल्या दिवाळीच्या सुट्टीत मी त्यांच्या शेजारी पुढच्या शिटावर बसलो होतो. माळाकोळीच्या अलीकडे गाडी एका खड्ड्यात आदळली आणि मागचा पाटा मोडला. दोष गाडीचा नव्हता. दहा माणसांच्या जागेत सोळा माणसे आणि वर हरभऱ्याची तीन पोती, मग पाट्याने तरी काय करावे? एका मोटारसायकलवाल्याबरोबर निरोप गेला, मिस्तरी पाना-जॅक घेऊन आला आणि दीड तासात गाडी पुन्हा रस्त्याला लागली. उतारूंपैकी एका गुरुजींनी सहज विचारले, “काय हो, ही जीप मूळ कुठली?” तात्या म्हणाले, “अमेरिकेची हाय म्हणतेत. पण गुरुजी, म्या तर अजून तिथला मिस्तरी बगितला न्हाई.”

गाडीतले सगळे हसले. मीही हसलो. पण महाविद्यालयात परतल्यावर ते वाक्य डोक्यातून जाईना. गाडी भरवशाची आहे असे आपण म्हणतो, तेव्हा तो भरवसा नेमका कुणाचा असतो? लोखंडाचा, ज्या कंपनीचा शिक्का त्या लोखंडावर आहे तिचा, की माळाकोळीच्या मिस्तरीचा? या प्रश्नाचा पाठपुरावा करताना दोन अमेरिकन गाड्यांचा आपल्या महाराष्ट्रातील इतिहास समोर आला. तो वाचक मित्रांपुढे ठेवावा, एवढाच या लेखाचा हेतू आहे.

पहिली गाडी म्हणजे अर्थातच जीप. दुसऱ्या महायुद्धात अमेरिकन सैन्यासाठी विलीज कंपनीने ती बनवली. युद्ध संपले आणि हीच गाडी नागरी कामांसाठी विकली जाऊ लागली. १९४५ साली लुधियानात स्थापन झालेल्या महिंद्र अँड मोहम्मद या पेढीने (१९४८ पासून महिंद्र अँड महिंद्र) १९४७ मध्ये विलीजच्या ७५ जीपगाड्यांचे सुटे भाग आणवून त्यांची जुळणी मुंबईत सुरू केली. प्रारंभ जुळणीनेच झाला, पण गाडी तेथे थांबली नाही. हळूहळू एकेक भाग इथेच तयार होऊ लागला. पुढे पेट्रोल परवडेना, तेव्हा तिच्यात प्यूजो या फ्रेंच कंपनीच्या धर्तीचे डिझेल इंजिन बसले. आणि मग ती सरकारी साहेबांच्या दारातून निघाली ती थेट आमच्या गावच्या पारापर्यंत आली.

गंमत अशी की तिकडे अमेरिकेत या काळात जीपचे मालक सारखे बदलत होते. १९५३ मध्ये विलीज कैसर कंपनीकडे गेली, १९७० मध्ये जीप अमेरिकन मोटर्सकडे गेली, १९८७ मध्ये क्रायस्लरकडे. इकडे मराठवाड्यात कुणाला त्याचा पत्ताही लागला नाही. कारण तोवर जीपचे माहेर अमेरिकेत उरले नव्हते. तिचा पाटा लातुरात मिळत होता, तिची क्लच प्लेट नांदेडात मिळत होती आणि तिचे दुखणे ओळखणारा वैद्य दर दहा-वीस मैलांवर बसलेला होता.

आता दुसरी गाडी पाहू. जनरल मोटर्स ही कंपनी १९०८ मध्ये अमेरिकेतील मिशिगन राज्यात विल्यम ड्युरंट याने स्थापन केली. शेव्हरोलेट, ब्यूक, कॅडिलॅक ही सारी याच घराण्याची नावे. १९३१ पासून सत्तर वर्षांहून अधिक काळ जगात सर्वाधिक मोटारी विकणारी कंपनी म्हणून तिचा दबदबा होता. ही कंपनी १९२८ मध्ये मुंबईत आली आणि शिवडीला तिने जुळणीचा कारखाना काढला. भारतात कारखाना काढणारी ती पहिली मोटार कंपनी. अमेरिकेतून खोक्यांत भाग यावेत, शिवडीत ते जोडावेत आणि संस्थानिकांना, व्यापाऱ्यांना, डॉक्टरांना गाड्या विकाव्यात, असा तो व्यवहार होता. स्वातंत्र्यानंतर, १९५३ मध्ये, टॅरिफ कमिशनने प्रश्न उभा केला की नुसती जुळणी किती दिवस? ज्यांना येथे राहायचे असेल त्यांनी गाडीचे भाग इथेच बनवण्याचा कार्यक्रम हाती घ्यावा. जनरल मोटर्सने तो घेतला नाही. १९५४ मध्ये शिवडीचा कारखाना बंद झाला.

येथे एक गोष्ट लक्षात येते. दोन्ही गाड्या अमेरिकन, दोन्हींची सुरुवात मुंबईत, दोन्ही आल्या त्या खोक्यातूनच. एक राहिली आणि एक गेली. फरक लोखंडाचा नव्हता; मुळे धरण्याच्या तयारीचा होता.

कंपनी मोठी असली म्हणजे तिची गाडी निर्दोष असते, हा भोळा समज आहे. खुद्द अमेरिकेतील मालकांचा अनुभव काय सांगतो? शेव्हरोलेटच्या कॉर्वेअर या गाडीची मागच्या चाकांची रचना धोक्याची आहे, असा आरोप राल्फ नेडर या तरुण वकिलाने १९६५ मध्ये ‘अनसेफ ॲट एनी स्पीड’ या पुस्तकात केला. कंपनीने त्याच्या मागे खाजगी गुप्तहेर लावले! प्रकरण उघडकीस आले आणि मार्च १९६६ मध्ये कंपनीचे अध्यक्ष जेम्स रोश यांना सिनेटच्या समितीपुढे माफी मागावी लागली. त्याच वर्षी अमेरिकेत वाहन-सुरक्षेचा कायदा झाला. एका माणसाने लेखणी हातात घेतली आणि जगातील सर्वांत मोठ्या कारखानदाराला मान खाली घालावी लागली, हे आम्हा कला शाखेच्या विद्यार्थ्यांनी विसरू नये.

पण कंपनीने तो धडा कायमचा गिरवला, असेही दिसत नाही. २००९ मध्ये दिवाळखोरीत गेलेली ही कंपनी अमेरिकन सरकारने सुमारे ५० अब्ज डॉलर ओतून वाचवली. आणि २०१४ मध्ये बाहेर आले की तिच्या काही छोट्या गाड्यांत किल्लीचा खटका सदोष आहे. चालत्या गाडीत किल्ली आपोआप फिरे, इंजिन बंद पडे आणि अपघात झाला तर जीव वाचवणारी हवेची उशी उघडतच नसे. कंपनीतील काही जणांना हे सुमारे दहा वर्षे ठाऊक होते. जगभरातील सुमारे २६ लाख गाड्या परत बोलवाव्या लागल्या. कंपनीच्याच भरपाई निधीने १२४ मृत्यूंची जबाबदारी मान्य केली. २०१५ मध्ये सरकारशी तडजोड म्हणून ९० कोटी डॉलर भरावे लागले. तो खटका बदलायला लागणारा सुटा भाग एका डॉलरहून स्वस्त होता! बडा घर पोकळ वासा, दुसरे काय?

अशी ही कंपनी भारतात पुन्हा आली. १९९४ मध्ये तिने हिंदुस्थान मोटर्सशी भागीदारी केली, १९९६ मध्ये गुजरातेत हालोल येथून ओपेल ॲस्ट्रा बाहेर पडली, २००३ पासून शेव्हरोलेट हे नाव पुन्हा आपल्या रस्त्यांवर दिसू लागले आणि २००८ मध्ये पुण्याजवळ तळेगावला दुसरा कारखाना उभा राहिला. २००४ मध्ये आलेली टॅव्हेरा तर टॅक्सी म्हणून महाराष्ट्रभर फिरली. नांदेडला हुजूर साहिबचे यात्रेकरू असोत की लातूरहून तुळजापूरला निघालेले वऱ्हाड असो, अशा मोठ्या कुटुंबाला एका गाडीत सामावून घेणारी ती गाडी होती.

जुलै २०१३ मध्ये कंपनीने सुमारे १ लाख १४ हजार टॅव्हेरा परत बोलावल्या. धुराच्या चाचणीत गाडी पास व्हावी म्हणून आपल्याच काही कर्मचाऱ्यांनी नियम मोडले, असे कंपनीने स्वतः सरकारला कळवले. काहींना नोकरीवरून काढले. कंपनीने ते स्वतः सांगितले, याचे श्रेय तिला दिले पाहिजे. पण २००५ पासूनच्या गाड्या त्यात होत्या. आठ वर्षे गाडीमालक ज्या कागदावर विसंबून होता, तो कागदच खरा नव्हता! गाडी रस्त्यावर नीट चालत असेलही. पण शब्द बंद पडला, तो कोणत्या मिस्तरीने दुरुस्त करावा?

नंतरचा इतिहास थोडक्यात असा. बाजारातील हिस्सा एक टक्क्याच्याही खाली आला. मे २०१७ मध्ये कंपनीने भारतातील विक्री बंद करण्याचे जाहीर केले आणि वर्षअखेर ती बंद झाली. तळेगावचा कारखाना निर्यातीसाठी चालू राहिला, तोही डिसेंबर २०२० मध्ये थांबला. चौदाशेहून अधिक कामगारांनी न्यायालयाचे दार ठोठावले. कारखाना आधी एका चिनी कंपनीला विकायचे ठरले, ते बारगळले. ऑगस्ट २०२३ मध्ये ह्युंदाईशी करार झाला. सुटे भाग आणि दुरुस्तीची सोय चालू ठेवू, असे कंपनीने जाताना सांगितले होते. पण विक्रीच बंद झालेल्या गाडीला जुन्या बाजारात कोण किंमत देणार?

यावर कोणी म्हणेल की कंपनी म्हणजे धर्मशाळा नव्हे. तोटा होत असेल तर तिने का थांबावे? मान्य आहे. धंदा करणाऱ्याला धंदा बंद करण्याचाही हक्क आहे. पण गाडी म्हणजे बाजारात घेतलेली मेथीची जुडी नव्हे. शहरातील नोकरदाराची ती हौस असेल; आमच्याकडे गाडी म्हणजे बैलजोडीसारखे पोटाचे साधन असते. आमच्या गावातील एका तरुणाने दोन एकर जमीन गहाण टाकून प्रवासी गाडी घेतली. (कंपनीचे नाव घेत नाही; ती या लेखात आलेल्यांपैकी नव्हे.) दोन वर्षांत जवळचे सेवाकेंद्र बंद झाले. एका भागासाठी गाडी पाच आठवडे लिंबाखाली उभी राहिली. गाडीची चाके थांबली, बँकेचे हप्ते थांबले नाहीत. शेवटी गाडी गेली, आणि जमीन अजून सुटलेली नाही. गरज सरो वैद्य मरो, ही रीत माणसाने पाळली तर आपण त्याला कृतघ्न म्हणतो. कंपनीने पाळली तर तिला धोरण म्हणायचे काय?

जुन्या जीपचे मी गोडवे गात आहे, असेही कोणी समजू नये. ती धूर ओकते, तिच्यात सुरक्षिततेच्या नावाने शून्य आहे आणि मागे लटकणाऱ्या उतारूचा जीव देवाच्या हवाली असतो. नव्या गाड्या कितीतरी अधिक सुरक्षित आहेत. पण त्यांचे दुखणे संगणकाशिवाय कळत नाही आणि तो संगणक कंपनीच्याच दालनात असतो. म्हणजे गाडी आपली, कर्ज आपले, पण किल्ली दुसऱ्याच्या हाती.

कायद्याने काही पावले टाकली आहेत. २०१९ मध्ये मोटार वाहन कायद्यात दुरुस्ती होऊन सदोष गाड्या परत घ्यायला लावण्याचा अधिकार सरकारला मिळाला. १ एप्रिल २०२१ पासून त्याचे नियम लागू झाले. पण ते सात वर्षांपेक्षा कमी वयाच्या गाड्यांपुरते! आमच्या तालुक्यात तर बहुतेक गाड्या दुसऱ्या-तिसऱ्या हाती, सात वर्षे उलटल्यावरच येतात. डिसेंबर २०२२ मध्ये केंद्र सरकारने ‘दुरुस्तीच्या हक्का’साठी पोर्टल सुरू केले, त्यात वाहनेही आहेत. पण ती विनंती आहे, बंधन नाही. माझे मत असे की जी कंपनी गाडी विकेल, तिने शेवटची गाडी विकल्यापासून किमान पंधरा वर्षे सुटे भाग पुरवावेत, दुरुस्तीची माहिती साध्या मिस्तरीलाही मराठीतून द्यावी, आणि या देशातून जायचे असेल तर त्यासाठी आधी अनामत ठेवून जावे. १९५३ मध्ये आपण राहणाऱ्यांना अट घालू शकलो. आज जाणाऱ्यांना का घालू नये?

आणि थोडे आपल्याकडेही पाहू. बिंदुमाधव जोशींनी १९७४ मध्ये पुण्यात ग्राहक पंचायतीची चळवळ सुरू केली. पन्नास वर्षे झाली. आमच्या गावात गाडी घेणारा अजूनही दोनच प्रश्न विचारतो: ॲव्हरेज किती आणि हप्ता किती? तिसरा प्रश्न विचारायला त्याला कोणी शिकवलेले नाही: दहा वर्षांनी तुम्ही इथे असाल का? आपल्यापैकी बरेच जण घरातले पहिलेच पदवीचे शिक्षण घेणारे आहेत. घरी नवी गाडी, ट्रॅक्टर किंवा साधा पाण्याचा पंप यायचा असेल, तेव्हा तो बारीक अक्षरातला कागद वाचून दाखवण्याचे काम आपलेच आहे. एवढे केले तरी महाविद्यालयात आल्याचे सार्थक झाले, असे मी म्हणेन.

परवा सुट्टी संपवून नांदेडला निघालो, तेव्हा तात्यांनी मला लोह्यापर्यंत सोडले. दुरुस्त झालेला पाटा अजून थोडा कुरकुरत होता. मी म्हटले, “तात्या, आता नवी गाडी घ्या की.” ते म्हणाले, “घेतो की. पर आदी त्या मिस्तरीला इचारतो.”

या विषयावर एवढे शहाणे वाक्य मला ग्रंथालयातल्या पुस्तकात सापडले नाही.