माश्या मारण्याआधी माश्या मोजा

उद्योग नसलेला माणूस काय करतो, याचे उत्तर मराठीने फार पूर्वी देऊन ठेवले आहे: तो माश्या मारतो. जमत आलेले काम फिसकटले, की 'कुठे माशी शिंकली?' असे आपण विचारतो. माशीला आपण इतके क्षुल्लक ठरवले आहे, की आयुष्यभर तिच्या मागे हिंडणारा एखादा माणूस शास्त्रज्ञ असू शकतो, हे पटायला थोडे जडच जाते. पण तुमसर, मोहाडी, साकोली या भागातल्या धानउत्पादकाला विचारून पाहा. त्याच्या बांधीत खरोखरच माशी शिंकते, आणि ती शिंकली की घरची कोठी रिकामी राहते. तिचे नाव गादमाशी.

तुमसर म्हणजे धान. इथली बाजारपेठ धानावर चालते, गिरण्या धानावर फिरतात आणि लग्नाचे मुहूर्तसुद्धा धान विकल्यावर धरले जातात. पाऊस वेळेवर आला, रोवणी वेळेवर झाली, तर फारशी चिंता नसते. पण पाऊस रुसला, पऱ्हे वाफ्यातच म्हातारे झाले आणि रोवणी लांबली, की पुढच्या ढगाळ, झिमझिम पावसाच्या दिवसांत गादमाशीचे फावते. उशिरा रोवलेल्या धानाला तिचा त्रास अधिक होतो, कारण ती ऐन भरात येते तेव्हा या धानाचे फुटवे अजून कोवळे असतात.

दिसायला ही माशी डासाएवढी, तांबूस रंगाची. दिवसा ती नजरेला पडत नाही. रात्री मात्र दिव्यावर येते. मादी पानांवर अंडी घालते. तीन-चार दिवसांत अळी बाहेर पडते आणि पानावरच्या ओलाव्यातून सरपटत कोंबापर्यंत पोचते. झिमझिम पाऊस तिला मानवतो तो यासाठी. पान कोरडे असेल तर हा प्रवास तिला जमत नाही. कोंबाशी पोचलेली अळी खोडाला भोक पाडत नाही. ती तिथे बसून रस शोषते आणि तिच्या लाळेमुळे कोंबाची वाढ वाट चुकते. पानाऐवजी कांद्याच्या पातीसारखी पोकळ, चंदेरी नळी वर येते. हाच तो चंदेरी पोंगा. त्या फुटव्याला लोंबी कधीच येत नाही. आत वाढलेली माशी शेवटी नळीच्या टोकाशी छिद्र पाडून रात्रीच उडून जाते.

सकाळी धुऱ्यावर आलेल्या शेतकऱ्याला पोंगे दिसतात आणि तो तडक औषधाच्या दुकानाकडे निघतो. त्याला दोष देता येणार नाही. सोसायटीचे कर्ज असते, रोवणीची मजुरी देऊन झालेली असते; डोळ्यांदेखत पीक जात असताना हात बांधून कोण बसेल? परंतु या घाईत एक साधी गोष्ट निसटते. पोंगा दिसतो तेव्हा त्या फुटव्याचे नुकसान होऊन गेलेले असते. वरून मारलेले औषध नळीच्या आतल्या अळीपर्यंत सहज पोचत नाही. ते पोचते बाहेर हिंडणाऱ्या कोळ्यांपर्यंत, चतुरांपर्यंत आणि आपल्याला नावानेही ठाऊक नसलेल्या एका मित्रापर्यंत.

हा मित्र म्हणजे प्लॅटिगॅस्टर ओरायझी नावाची काळी, इवलीशी गांधीलमाशी. माणसाला ती चावत नाही. गादमाशीच्या अंड्यात ती आपले अंडे घालते. अंड्यातून गादमाशीची अळी निघते, कोंबात जाऊन बसते, आणि तिच्या पोटात या परोपजीवीची पिल्ले वाढत राहतात. एका अळीतून अशा अनेक गांधीलमाश्या बाहेर पडतात. गादमाशी मात्र जन्मत नाही. म्हणजे बांधीतला प्रत्येक पोंगा हे शत्रूचेच घर असते असे नाही. काही पोंग्यांत आपलीच फौज तयार होत असते. असे परोपजीवीग्रस्त पोंगे गोळा करून रोवणीनंतर दहा दिवसांनी दर १० चौरस मीटरला एक या प्रमाणात बांधीत ठेवावेत, अशी शिफारसही कृषिशास्त्रात आहे. पण कोणता पोंगा मित्राचा आणि कोणता शत्रूचा, हे उकलून पाहणारे डोळे गावात हवेत.

कीटकांशी कीटकांकरवी लढण्याची ही रीत परदेशातून आलेली नवलाई नव्हे. उलट या कामात भारताने जगाला दिले आहे. कारल्या-दोडक्यावरच्या फळमाशीने हवाई बेटांवरचे मळे उद्ध्वस्त केले, तेव्हा १९१६ मध्ये तिचा शत्रू असलेली एक गांधीलमाशी भारतातून तिकडे नेण्यात आली. त्याच सुमारास बिहारमधल्या पुसा येथे फ्रँक हाउलेट हे कीटकशास्त्रज्ञ काम करत होते. डासांना पळवण्यासाठी वापरलेल्या गवती तेलाच्या वासाकडे फळमाश्यांचे नर झेपावतात, हे त्यांच्या ध्यानात आले. त्यांनी त्या गोष्टीचा पिच्छा पुरवला आणि १९१५ पर्यंत मिथाइल युजेनॉल या द्रव्यापाशी ते पोचले. आज कोकणातल्या आमराईत फळमाशीचे नर पकडण्यासाठी जे सापळे टांगलेले दिसतात, त्यांचे मूळ या निरीक्षणात आहे. एका माणसाने माश्यांकडे नीट पाहिले, एवढेच त्याचे भांडवल.

गादमाशीच्या बाबतीत असे पाहणे किती निकडीचे आहे, हे भंडारा जिल्ह्याइतके क्वचितच कोणाला कळावे. या माशीला न जुमानणाऱ्या धानाच्या जाती शास्त्रज्ञांनी शोधल्या, शेतकऱ्यांनी त्या लावल्या. पण माशीही स्वस्थ बसली नाही. देशात तिचे सात जैवप्रकार नोंदले गेले आहेत. भंडारा भागातला प्रकार चौथा, आणि एकेकाळी भरवशाची वाटलेली प्रतिकारशक्ती त्याने पचवली आहे. म्हणूनच दुसऱ्या राज्यात टिकलेली जात इथे टिकेलच असे नाही. अकोल्याच्या डॉ. पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठाच्या साकोली केंद्रावर नवनवे वाण या माशीसमोर उभे करून पारखले जातात, ते यासाठीच. हे काम कधी संपत नाही, त्याची फीत कापता येत नाही. मंत्र्यांच्या भाषणात ते बसत नाही आणि अंदाजपत्रकात पहिली कात्री बहुधा अशाच कामांना लागते.

परोपजीवी म्हणजे जादूची कांडी, असे मात्र कोणी समजू नये. या गांधीलमाशीची संख्या बहुधा हंगामाच्या उत्तरार्धात वाढते, तोवर पहिला फटका बसून गेलेला असतो. म्हणून तिच्या जोडीला वेळेवर रोवणी हवी, योग्य वाण हवे. धान कापल्यावर धसकटे नांगरून टाकायला हवीत, कारण त्यांच्या फुटव्यांवर, धुऱ्यावरच्या गवतावर आणि तलावाकाठच्या देवधानावर माशी तग धरते. फवारणीचा विचार करायचा, तर आधी मोजणी हवी. शंभरात पाच फुटवे पोंग्याचे झाले तर उपाय करा, असे कृषी खाते सांगते. त्याच्या आत धान नवे फुटवे काढून नुकसान बरेचसे भरून काढतो. पण ही मोजणी करणार कोण?

राज्यात पिकांवरील किडींच्या सर्वेक्षणाचा प्रकल्प २००९ पासून सुरू आहे. कागदावर ती व्यवस्था चांगली आहे. मात्र संगणकावरचा आकडा बांधीतल्या माणसापर्यंत वेळेवर आणि त्याच्या भाषेत पोचला, तरच त्याला अर्थ. गावोगावच्या शाळांतली पोरे श्रावणात आठवड्यातून एकदा चार बांध्यांतले पोंगे मोजून फळ्यावर लिहू लागली, तर कुठले अनुदान लागणार आहे? शेतकऱ्याच्या मुलाला हत्तीचे चित्र ओळखता येते. बापाच्या बांधीतला मित्रकीटक ओळखता येत नाही, याला शिक्षण कसे म्हणावे?

विदर्भाने आंधळ्या फवारणीची किंमत मोजलेली आहे. २०१७ मध्ये यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर फवारणी करताना विषबाधा होऊन शेतकरी आणि शेतमजूर दगावले. पाठीवर पंप घेऊन गेलेला घरचा माणूस परतलाच नाही. कीड समजून न घेता केलेला उपाय कुठवर नेतो, हे तेव्हा साऱ्या महाराष्ट्राने पाहिले.

म्हणून भिंगातून माश्या पाहत बसणाऱ्या माणसाला हसू नये. त्याला पगार वेळेवर द्यावा, हाताखाली माणसे द्यावीत आणि त्याचे म्हणणे रोवणीच्या आधी गावात पोचवावे. माश्या मारणे हा रिकामटेकड्यांचा उद्योग असेलही. माश्या मोजणे हा मात्र पोटापाण्याचा उद्योग आहे. आपल्या ताटातला भात त्यावर अवलंबून आहे.