दोन गुंड्या कमी

मंडळी, या सदराविषयी दोन प्रकारच्या तक्रारी कानावर येतात. "विज्ञानाचे सदर म्हणता आणि चित्रांवर काय लिहिता?" ही एक, आणि "पुस्तकाबद्दल छान चालले होते, मध्येच पेशी कशाला आणल्या?" ही दुसरी. यावेळी दोन्ही पक्षांची एकदमच सोय करतो. कारण विषय आहे एका चित्राचा, एका पुस्तकाचा आणि पेशींचाही.

चित्र कादिर नेल्सन या चित्रकाराचे, २०१७ सालचे. लाल पोशाखातली एक हसरी कृष्णवर्णीय बाई, डोक्यावर मोठी हॅट, हातात बायबल. मागच्या भिंतीच्या कागदावर षटकोनांची नक्षी, मधमाश्यांच्या पोळ्यासारखी. चित्र बघणारा आधी हसणे बघतो. मग लक्षात येते की पोशाखाच्या दोन गुंड्या गायब आहेत. चित्रकाराने त्या मुद्दाम काढलेल्या नाहीत. तिच्या शरीरातून न विचारता जे नेले, त्याची ती खूण. २०१८ मध्ये वॉशिंग्टनच्या स्मिथसोनियनमधील दोन संग्रहालयांनी मिळून हे चित्र घेतले.

बाईचे नाव हेन्रिएटा लॅक्स. व्हर्जिनियातल्या तंबाखूच्या शेतात लहानपण गेले. १९५१ च्या सुरुवातीला पोटात गाठ जाणवते म्हणून ती बाल्टिमोरच्या जॉन्स हॉपकिन्स रुग्णालयात गेली. तिथे काळ्या रुग्णांचे वॉर्ड तेव्हा वेगळे असत. गर्भाशयाच्या मुखाचा कर्करोग निघाला. उपचार करताना डॉक्टरांनी तुकडा काढला आणि तो जॉर्ज गाय यांच्या प्रयोगशाळेत पाठवला. (आडनावाचा उच्चार खरोखरच गाय असा आहे. हसून झाले असेल तर पुढे जाऊ.) माणसाच्या पेशी शरीराबाहेर वाढवण्याचा गाय यांना ध्यास होता, पण पेशी थोड्याच दिवसांत मरत. या पेशी मेल्या नाहीत. दिवसागणिक दुप्पट होत गेल्या. हेन्रिएटा मात्र त्याच वर्षी ४ ऑक्टोबरला गेली. वय ३१, मागे पाच मुले.

हेन्रिएटातला 'हे' आणि लॅक्समधला 'ला' घेऊन पेशींचे नाव पडले हेला. इथले लोक हीला म्हणतात. पोलिओच्या साल्क लशीच्या चाचणीला त्या लागल्या. गर्भाशयमुखाच्या कर्करोगामागे विषाणू असतो हे हाराल्ड त्सुर हाउझेन यांनी १९८० च्या दशकात दाखवले, तेव्हा हेलामध्येही तो सापडला. त्यांना २००८ चे नोबेल मिळाले. आज आपल्या मुलामुलींना अकराव्या-बाराव्या वर्षी जी लस देतात तिचा धागा असा मागे त्या वॉर्डापर्यंत जातो.

आता आपल्या घरची एक गोष्ट, जी आपल्यातही फारशी कोणी सांगत नाही. गाय यांच्या त्याच प्रयोगशाळेत एक मराठी बाई पेशीसंवर्धन शिकून गेल्या. डॉ. कमल रणदिवे, माहेरच्या समर्थ. पुण्याच्या हुजूरपागेच्या आणि फर्ग्युसनच्या विद्यार्थिनी. डॉ. वसंत खानोलकरांच्या हाताखाली १९४९ मध्ये डॉक्टरेट केल्यावर त्या बाल्टिमोरला आल्या, आणि परत गेल्या. आपण राहिलो तशा राहिल्या नाहीत. मुंबईच्या कर्करोग संशोधन केंद्रात त्यांनी भारतातली पहिली ऊतिसंवर्धन प्रयोगशाळा उभी केली, १९७३ मध्ये भारतीय महिला वैज्ञानिकांची संघटना काढली. निवृत्तीनंतर अकोले तालुक्यातल्या आदिवासी मुलांच्या पोषणाचे काम हाती घेतले. १९८२ साली पद्मभूषण. इतके असून आपल्या मुलांना मारी क्यूरी माहीत असतात आणि कमलताई नाहीत, याचे आम्हाला वाईट वाटते.

पुस्तक आहे रिबेका स्क्लूट यांचे, 'द इम्मॉर्टल लाइफ ऑफ हेन्रिएटा लॅक्स', २०१० सालचे. त्यातला एक फोन आमच्या डोक्यातून जात नाही. आईच्या पेशी जगभर वाढताहेत हे लॅक्स कुटुंबाला कळायला १९७३ साल उजाडले. संशोधकांना मुलांचे रक्त हवे होते, पेशींची ओळख पटवण्यासाठी. फोन करणारी संशोधिका परदेशातून आलेली, तिचे इंग्रजी तिच्या वळणाचे. फोन घेणारा नवरा शाळेच्या खालच्या वर्गांपर्यंतच शिकलेला. ती सांगत होती एक, तो समजला भलतेच: आईचा रोग मुलांना आहे का ते तपासणार आहेत. मुलगी डेबोरा निकालाची वाट बघत राहिली. निकाल येणारच नव्हता, कारण तशी तपासणी नव्हतीच.

मंडळी, त्या फोनच्या दोन्ही टोकांना आपणच आहोत. आपल्या मंडळातल्या किती घरांत कोणी ना कोणी प्रयोगशाळेत नमुन्यांच्या नळ्या हाताळते! आणि त्याच घरातले आईबाबा सहा महिन्यांसाठी येतात, दवाखान्यात जातात, समोर कागद येतो आणि आपण म्हणतो, "आई, इथे सही कर, काही नाही, नेहमीचेच आहे." आई करते. तिचा मुलावर विश्वास आहे, आणि मुलाने कागद वाचलेला नाही.

म्हणून रक्त देऊच नये का? आमचे मत उलट आहे. आपल्या लोकांना मधुमेह कमी वजनावरही गाठतो. तपासणीसाठी वजन-उंचीच्या निर्देशांकाची मर्यादा आशियाई लोकांकरता २५ वरून २३ वर आणण्याची शिफारस अमेरिकन डायबेटिस असोसिएशनने २०१५ साली केली. हे आपल्यासारख्यांना तपासल्याशिवाय कळत नाही. २०१० मध्ये इथल्या दक्षिण आशियाई लोकांच्या हृदयरोगाचा अभ्यास सुरू झाला, नाव 'मसाला' (नाव ठेवणाऱ्याला आमच्याकडून एक चहा). सॅन फ्रान्सिस्को आणि शिकागो परिसरातले ९०६ लोक पहिल्या फेरीत आले. आपण गेलो नाही तर दुसऱ्यांच्या शरीरावरून काढलेले आकडे आपल्याला लावले जाणार.

पण कागद वाचावा. संघराज्याच्या सुधारित नियमांप्रमाणे, जे २०१९ पासून पाळावे लागतात, संमतिपत्राच्या सुरुवातीलाच मुख्य गोष्टी थोडक्यात सांगायला हव्यात. नमुन्यातून कोणी पैसा करणार असेल आणि त्यात तुमचा वाटा आहे की नाही, तेही. (बहुधा नसतो.) भाग घेणे ऐच्छिक असते आणि मधूनच सोडता येते. एक गोष्ट मात्र कागदावर सहसा सापडणार नाही: तपासणीनंतर उरलेला नमुना, त्यावरचे नाव काढून टाकले असेल, तर या नियमांखाली आजही वेगळी परवानगी न घेता संशोधनाला वापरता येतो. हे आम्हाला पटत नाही, पण आहे तसे आहे. आणि आईबाबांसाठी दुभाषा मागावा. सरकारी पैसा घेणाऱ्या रुग्णालयाने तो फुकट द्यायचा असतो. मुलाला किंवा सुनेला मध्ये बसवले की आई खरे प्रश्न विचारतच नाही.

लॅक्स कुटुंबाला २०१३ मध्ये हेलाच्या जनुकीय माहितीचा वापर ठरवणाऱ्या समितीवर दोन जागा मिळाल्या. २०२३ च्या ऑगस्टमध्ये थर्मो फिशर कंपनीशी तडजोड झाली. रक्कम जाहीर केलेली नाही. हेन्रिएटाला जाऊन तेव्हा बहात्तर वर्षे होत आली होती.

पुस्तकाची आमची प्रत मंडळाच्या कपाटात, नारळीकरांच्या शेजारी ठेवली आहे. महिन्याभरात परत करावी, आणि समासात पेन्सिलने लिहिले तर आमची हरकत नाही.