गिअर कुणाच्या हातात?

जुन्या मोटारींची फेरी शहरातून निघाली की रस्त्याच्या दोन्ही कडांना माणसं जमतात. चकचकीत दिवे, लांबलचक बॉनेट, तारांची चाकं. या गाड्यांमधून बायकाही दिसतात. नऊवारी, नथ, नाहीतर त्या काळातली गोऱ्या मडमांची टोपी. पोशाखाचं बक्षीस असेल तर ते बहुधा त्यांच्याच वाट्याला येतं. पण त्या बसलेल्या असतात शेजारच्या सीटवर. अपवाद आहेत, पण ते बोटांवर मोजण्याइतके. असं का, विचारलं की ठरलेलं उत्तर मिळतं, "ही गाडी बायकांच्या हाताची नाही हो. हिचा गिअर फार जड असतो."

मला या जड गिअरबद्दल बोलायचं आहे.

काही मैत्रिणी म्हणतील, पाणी, रेशन, मारहाण हे प्रश्न समोर असताना श्रीमंतांच्या खेळण्याची चर्चा कशाला? शंका रास्त आहे. पण 'बायकांच्या हाताचं काम नाही' हे वाक्य फक्त जुन्या मोटारीपुरतं नाही. ट्रॅक्टरपाशी, लेथ मशीनपाशी, शेतातल्या मोटरच्या स्टार्टरपाशी हेच वाक्य आपल्याला अडवतं. जुन्या गाडीचा फायदा एवढाच, की इथे या वाक्याचं झाकण उघडून आत खरोखर काय आहे ते पाहता येतं.

इंजिन एका गतीनं फिरत असतं, चाकं दुसऱ्या गतीनं. दोघांच्या मध्ये गिअरबॉक्स असतो. आजच्या गाडीत गिअर बदलताना एकमेकांत गुंतणाऱ्या भागांची गती आधी जुळवून देणारी कडी असते. या सोयीला सिंक्रोमेश म्हणतात. अमेरिकेतल्या कॅडिलॅक कंपनीनं ती १९२८ मध्ये आपल्या गाड्यांत पहिल्यांदा आणली. त्याआधीच्या गाड्यांत ती नाहीच. नंतरच्याही कित्येक गाड्यांत पहिल्या गिअरला ती मिळाली नाही. १९४५ ते १९४९ या काळात बनलेली एमजी टीसी ही दोन माणसांची ब्रिटिश स्पोर्ट्स कार घ्या. दुसऱ्या, तिसऱ्या आणि चौथ्या गिअरला सिंक्रोमेश आहे, पहिल्याला नाही. आणि पाऊण शतकात झिजलेल्या कड्यांवर तरी किती विसंबायचं?

जी सोय यंत्रात नाही ती चालवणारीनं पुरवायची. वरचा गिअर टाकायचा असेल तर क्लच दाबायचा, दांडा न्यूट्रलला आणायचा, क्लच सोडायचा, इंजिन थोडं मंदावू द्यायचं, पुन्हा क्लच दाबायचा आणि मग गिअर टाकायचा. खालच्या गिअरला येताना क्रम हाच, फक्त न्यूट्रलमध्ये क्लच सोडल्यावर थांबण्याऐवजी रेस द्यायची. ट्रकवाले याला 'डबल क्लच' म्हणतात. रेस किती द्यायची? समजा, चौथ्या गिअरमध्ये इंजिन मिनिटाला २००० फेरे घेत आहे आणि तिसऱ्याचं गुणोत्तर चौथ्याच्या १.३५ पट आहे. तर गाडीचा वेग तोच असताना तिसऱ्या गिअरमध्ये इंजिनाला २७०० फेरे घ्यावे लागतील. तेवढी रेस बरोबर दिली की दांडा दोन बोटांनी सरकतो.

दोन बोटांनी. मग जडपणा कुठे आहे? गती जुळलेली नसताना दांडा ढकलला तर तो जड लागतो, आणि तेव्हा मनगटाचा जोर लावणं हाच दात झिजवण्याचा राजमार्ग आहे. म्हणजे ज्या ताकदीच्या नावाखाली बाईला बाजूला बसवलं, ती ताकद इथे कामाची तर नाहीच, उलट नुकसानीची आहे. इथे लागतो कान. इंजिनाचा सूर किती उतरला, किती चढला, हे ऐकून हात हलवायचा. लागतो तो हाता-पायाचा मेळ. पायानं शिलाई मशीन पळवत दोन्ही हातांनी कापड वळवणाऱ्या बाईला हा मेळ शिकवायला नको. पण तिच्या कामाला आपण 'तांत्रिक कौशल्य' म्हणत नाही, आणि त्याच्या गिअरला म्हणतो.

मग बायकांना ते का येत नाही? कारण हात बसायला तास लागतात, आणि त्या तासांत आवाज होतो. खर्रर्र असा, अंगावर काटा आणणारा. तो प्रत्येक शिकणाऱ्याकडून होतो. फरक पुढे पडतो. मुलगा गिअर वाजवतो तेव्हा घरचे म्हणतात, "शिकतोय." मुलगी वाजवते तेव्हा म्हणतात, "मोडशील गं, उतर खाली!" त्याचा आवाज शिक्षणाच्या खात्यावर जमा होतो, तिचा साऱ्या बायकांच्या नावावर. दहा-वीस वेळा चुकण्याची मुभा ही शिकण्याची पहिली फी आहे. ती मुलासाठी घर भरतं, मुलीसाठी भरत नाही. पुढे वीस वर्षांनी दोघांच्या हातांत जो फरक दिसतो त्याला आपण निसर्ग म्हणतो!

आता एका बाईची गोष्ट. एलिश्का युंकोवा, जन्म १९००, चेकोस्लोव्हाकियाची. तिचा नवरा चेनेक युनेक बँकेच्या व्यवसायातला आणि मोटारशर्यतींचा शौकीन. पहिल्या महायुद्धात त्याच्या हाताला जखम झाली होती आणि गिअर बदलणं त्याला अवघड जाई. आधी ती मेकॅनिक म्हणून त्याच्या शेजारी बसली, मग तिनं स्टिअरिंग घेतलं. १९२७ मध्ये जर्मनीतल्या न्युरबुर्गरिंगवर ती आपल्या वर्गात पहिली आली. १९२८ मध्ये सिसिलीतल्या तार्गा फ्लोरिओ या डोंगराळ शर्यतीत तिनं बुगाटी उतरवली. १०८ किलोमीटरची एक फेरी, अशा पाच फेऱ्या. रस्ता आधी पायी चालून वळणं आणि खुणा टिपून ठेवणं ही तिची पद्धत. दुसऱ्या फेरीअखेर ती सर्वांच्या पुढे होती. पुढे गाडीत बिघाड झाला आणि ती पाचवी आली. तिच्या बुगाटीच्या गिअरबॉक्समध्ये सिंक्रोमेश नव्हता, हे वेगळं सांगायला नको. त्याच वर्षी जुलैमध्ये न्युरबुर्गरिंगवर अपघातात नवरा गेला आणि तिनं शर्यती सोडल्या.

तिचं कौतुक करून थांबलो तर मुद्दा निसटेल. त्याचा हात अधू झाला म्हणून दांडा तिच्या हातात आला. तो हात धड असता तर? हे आपल्या ओळखीचं आहे. नवरा आजारी पडला म्हणून दुकान, तो गेला म्हणून शेती. दुसऱ्या महायुद्धात ब्रिटनमध्ये पुरुष आघाडीवर गेले म्हणून बायकांना लष्करी गाड्या शिकवल्या गेल्या. राजकन्या एलिझाबेथनंही १९४५ मध्ये ड्रायव्हर-मेकॅनिकचं प्रशिक्षण घेतलं. गरज पडली तेव्हा बाईचा हात चालला. मग तो आधी का चालत नव्हता, हे कुणी विचारलं नाही.

"आता ऑटोमॅटिक गाड्या आल्या. हवाय कशाला तो गिअर?" असंही म्हटलं जातं. सोयीला माझा विरोध नाही. बिनगिअरच्या स्कूटरनं आपल्या गावांतल्या हजारो मुलींना कॉलेजात आणि कामावर पोचवलं, ते मोलाचं आहे. पण तिच्यावर 'लेडीज गाडी' असा शिक्का बसला आणि गिअरची मोटारसायकल भावाची झाली, हेही आपण पाहिलं. सोय निवडणं वेगळं आणि सोयीपुरतंच ठेवलं जाणं वेगळं. बसच्या, ट्रकच्या, ट्रॅक्टरच्या सीटवर पगार आहे, आणि त्यांतल्या बहुतेक सीटांशेजारी अजून गिअरचा दांडा आहे. तामिळनाडूत १९९३ मध्ये वसंतकुमारी सरकारी बसच्या चालक म्हणून नोकरीला लागल्या, त्या गिअर टाकता येत होता म्हणून.

तेव्हा मैत्रिणींनो, ज्यांच्या घरात अशी जुनी गाडी आहे त्यांनी किल्ली मागावी. ज्यांच्या घरात ट्रॅक्टर, टेम्पो किंवा साधी जीप आहे त्यांनीही. इंजिन बंद ठेवून क्लच आणि दांड्याचा क्रम आधी पायात आणि हातात मुरवावा. मग मोकळं मैदान, दुसरा आणि तिसरा गिअर, पुन्हा पुन्हा. सकाळी गिअरबॉक्समधलं तेल थंड आणि घट्ट असतं, तेव्हा पहिले काही किलोमीटर घाई करू नये. दांडा मुठीत आवळू नये, तळव्यानं ढकलावा. आणि दोघी मिळून जावं. एकीनं चालवावं, दुसरीनं सूर ऐकावा. शेजारी बसून ओरडणारा नको.

गटांच्या शिबिरांत आपण कायदा शिकवतो, आरोग्य शिकवतो. त्यात एक सकाळ गिअरसाठी ठेवायला काय हरकत आहे? खरखर होईल. होऊ द्या. आवाज न करता आजवर कुणीही, कुठलाही गिअर शिकलेलं नाही.