कूलरची गार हवा आणि तिसरी तार

मार्च सरत आला की वर्धा, हिंगणघाट, आर्वी, पुलगाव अशा गावागावांतून कूलर बाहेर निघू लागतात. माळ्यावरून उतरवायचा, गंजलेल्या टाकीला रंगाचा हात द्यायचा, ताट्यांमध्ये नवे गवत किंवा वाळा भरायचा, पंप चालवून पाहायचा, की झाला उन्हाळ्याचा बंदोबस्त! सेवाग्रामच्या बापूकुटीच्या मातीच्या भिंती आणि कवेलूचे छप्पर ऊन अडवतात. आपल्या सिमेंटच्या स्लॅबखाली मात्र, पारा ४५ अंशांपुढे गेल्यावर, कूलरवाचून रात्र निघत नाही. इथे कूलर ही चैन नव्हे, गरज आहे. पण याच कूलरचा धक्का लागून कुणी दगावल्याची बातमी उन्हाळ्यात विदर्भातल्या कुठल्या ना कुठल्या गावाहून येते. कधी टाकीत पाणी भरणारी गृहिणी, कधी खेळता खेळता पत्र्याला हात लावणारे मूल. आपण हळहळतो, ‘नशीब’ म्हणतो आणि पान उलटतो.

यात नशिबाचा संबंध थोडा आहे. इतर उपकरणे भिजली तर तो अपघात. कूलर मात्र भिजण्यासाठीच बनवलेला असतो. लोखंडी पत्रा, खाली पाणी, पाण्यात बुडालेला पंप आणि आत २३० व्होल्टची वीज. सात-आठ महिने अडगळीत पडलेल्या वायरला उंदरांनी कुरतडलेले असते, पंपाच्या जोडावरची चिकटपट्टी सुटलेली असते. वीज पत्र्यात उतरायला एवढे पुरे. त्यात भोवतालची फरशी ओली आणि पाय अनवाणी!

‘फ्यूज आहे ना, तो उडेल’ हा आपला मोठा गैरसमज. फ्यूज तारांना जळण्यापासून वाचवतो, माणसाला नाही. ओल्या अंगातून सुमारे २०० मिलिअँपिअर प्रवाह सहज जाऊ शकतो आणि हृदयाची लय बिघडवायला त्याहूनही कमी पुरतो. पाच अँपिअरचा फ्यूज म्हणजे ५००० मिलिअँपिअर. माणूस तडफडत असतो आणि फ्यूज जागचा हलत नाही.

म्हणूनच प्लगला तिसरी पिन असते. पत्र्यात उतरलेली वीज तिने जमिनीत न्यावी, हे तिचे काम. पण भिंतीत दोन छिद्रांचा सॉकेट असला की आपण ती पिन कापतो, नाहीतर वायरची उघडी टोकेच सॉकेटमध्ये खुपसून काड्या ठोकतो. तिसरी तार जोडली असली तरी जमिनीतले अर्थिंग बरे आहे का, हे कोण पाहतो? आपली काळी माती उन्हाळ्यात भेगाळते, कोरडी पडते. कूलर चालायच्या दिवसांतच अर्थिंग दुबळे होते. अर्थिंगच्या खड्ड्यात अधूनमधून पाणी घालणे ही जुनी, पण शहाणपणाची रीत आहे.

अर्थिंग दुबळे असले तरी जीव वाचवू शकेल असा पहारेकरी म्हणजे ईएलसीबी किंवा आरसीसीबी. गेलेली वीज आणि परतलेली वीज यांत ३० मिलिअँपिअरची तफावत पडली की तो क्षणार्धात पुरवठा तोडतो. त्यावरचे चाचणीचे बटण महिन्यातून एकदा दाबून पाहावे.

बाकीची पथ्ये साधी आहेत. पाणी भरताना नुसते बटण बंद करून भागत नाही. जोडणी उलटी असेल तर बटण बंद असूनही पत्र्यात वीज राहू शकते. प्लगच काढावा, तोही कोरड्या हाताने, पायांत चप्पल घालून. फायबरच्या कूलरलाही हेच लागू, कारण पंप आणि पाणी तिथेही आहेत. कुणी चिकटलेच तर त्याला हाताने ओढू नका. आधी मेन स्विच बंद करा. ते जमत नसेल तर कोरड्या लाकडाने दूर ढकला. श्वास थांबला असेल तर छातीवर दाब देत राहा आणि गाडी बोलवा.

पण सारा भार गृहिणीवर टाकून मोकळे होणे बरे नाही. तीन पिनांच्या प्लगाशिवाय कूलर विकणाऱ्या दुकानदाराला जाब विचारला पाहिजे. शिकायला आलेल्या मुलांना खोल्या भाड्याने देणाऱ्या घरमालकाने भाड्याइतकीच अर्थिंगची काळजी घ्यायला हवी. वीज कंपनी दर उन्हाळ्यात सूचना काढते. त्या वाचून बाजूला ठेवण्यासाठी नसतात.

कूलर विकत घेताना आपण हवा किती लांब जाते, ते हात पुढे धरून पाहतो. यंदा त्याबरोबर प्लगच्या पिनाही मोजा. दोनच निघाल्या, तर तो कूलर घरी आणू नका.