म्हैस, सोनं आणि शेत

मराठी परिभाषेवर तुटून पडायला फार अक्कल लागत नाही. 'काय हे जड शब्द!' एवढं म्हटलं की माणूस भाषाप्रेमी ठरतो. शब्द घडवणारे पंडितही कमी नाहीत. ते डावीकडे इंग्रजी शब्द लिहितात, उजवीकडे मराठी लिहितात आणि मधल्या रेघेला कोश म्हणतात. माझं भांडण दोघांशीही आहे. बारशाला सगळे हजर. पाळण्यात पोर आहे की वरवंटा, हे वाकून बघायला कुणी तयार नाही!

आता आमच्या कोडोलीत कर्जासाठी काहीही लिहून दिलं की ते 'तारण'. एकदा काउंटरवर एका शेतकऱ्यानं मला विचारलं, "सायब, म्हैस तारण म्हंजे बँकंत आणून बांधायची व्हय?" रांग हसली. मला मात्र वाटलं, ह्या गृहस्थाला उचलून थेट परिभाषा समितीवर बसवावं. कारण त्यानं नेमकं कळीचं विचारलं होतं.

प्रश्न दोनच. वस्तू हलणारी की न हलणारी? आणि ताबा कुणाकडे? सोनं बँकेच्या तिजोरीत जातं, ते तारण. १८७२ च्या करार कायद्यातलं. शेत जागचं हलत नाही, त्यातला हक्क लिहून द्यायचा, ते गहाण. १८८२ च्या मालमत्ता हस्तांतरण कायद्यातलं. म्हैस हलते, पण राहते मालकाच्याच गोठ्यात. दूध त्याचं, शेण त्याचं, बँकेची नुसती नजर. ते नजरतारण! याची व्याख्या २००२ च्या सरफेसी कायद्यात सापडते. 'नजर' अरबी, 'तारण' संस्कृत. लग्न आंतरजातीय, पण संसार चोख. कारण आधी अर्थ ठरला, मग नाव.

शिवाजी महाराजांनी करवून घेतलेल्या राज्यव्यवहारकोशातसुद्धा शब्द राजवर्ग, दुर्गवर्ग, पण्यवर्ग अशा दहा वर्गांत लावलेले आहेत. आधी घरं आखली, मग बिऱ्हाडं आली. आपण मात्र बिऱ्हाडं रस्त्यावर ठेवून पाट्यांच्या रंगावर भांडतो.

म्हणून माझं म्हणणं एवढंच : शब्द जड की हलका, हा वाद नंतर घाला. आधी एका ओळीत सांगा, ही वस्तू कशात मोडते आणि शेजारणीपेक्षा वेगळी कशी. कारण नुसतं 'तारण' लिहिलेल्या कागदावर जो अंगठा उठवतो, त्याला कर्ज फिटायच्या आत म्हैस वडगावच्या बाजारात परस्पर विकता येत नाही, हे कळत नाही. कोशकाराची चूक पुढच्या आवृत्तीत दुरुस्त होते. त्याच्या मागं मात्र वसुली लागते.