तुम्ही नेमके कुठले?

१५ ऑगस्टच्या आठवड्यात ऑफिसांचं सगळं ठरलेलं असतं. कॅन्टीनमध्ये तिरंगी सँडविच, रिसेप्शनवर फुगे, खादीचा कुर्ता आणि ग्रुप फोटो. मी फ्रीलान्सर, त्यामुळे हे सगळं मला एकाच आठवड्यात तीन-तीन ऑफिसांत बघायला मिळतं. एका ठिकाणी ‘भारतीय असल्याचा अभिमान’ असा बॅज माझ्या ओढणीला टोचायला कुणीतरी आलं. मी सहज म्हटलं, ‘इथे जन्मले यात माझं काय कर्तृत्व?’ झालं! क्षणात उत्तर आलं, ‘मग जा की दुसऱ्या देशात!’

बोलणाऱ्याला वाटलं असेल, विषय संपला. पण दुसरा देश खरंच हाक मारत होता आणि जे खरंच गेले, अशी माणसं आपल्या वीकेंडच्या रस्त्यावरचीच आहेत. भाऊच्या धक्क्यावरून रो-रो पकडा, मांडव्याला उतरा. अलिबागच्या उत्तरेला समुद्रकाठी नवगाव लागतं. बेने इस्रायल समाजाची कथा अशी, की खूप पूर्वी इथे त्यांच्या पूर्वजांचं जहाज फुटलं. सात पुरुष आणि सात बायका तेवढ्या वाचल्या. बुडालेल्यांना नवगावातच पुरलं.

वाचलेल्यांचे वंशज कुलाब्याच्या गावागावांत पसरले. (रायगड हे नाव १९८१चं, त्याआधी जिल्हा कुलाबाच.) त्यांनी तेलाचे घाणे चालवले. शनिवारी घाणा बंद, म्हणून लोकांनी नाव ठेवलं शनवार तेली. आडनावं घेतली ती गावांची. किहीमचे किहीमकर, पेणचे पेणकर, रोह्याचे रोहेकर. ‘बूट पॉलिश’मधले जॉनचाचा आठवतात? ते डेव्हिड म्हणजे डेव्हिड अब्राहम चेऊलकर. चेऊल म्हणजे आपलं चौल! बायका नऊवारी नेसत, गळ्यात मंगळसूत्र घालत, आणि बायबलातल्या गोष्टींवर चक्क मराठीत कीर्तनं होत. नवस फेडायचा तर मलिदा. म्हणजे गोड पोहे, ओलं खोबरं, फळं. नाव मात्र एलियाहू हन्नाबीचं.

इथपर्यंत आलं की आपली छाती फुगते. भारतात ज्यूंचा कधी छळ झाला नाही, बघा आम्ही कसे! शेजाऱ्यांनी यांना सुखाने राहू दिलं, हे खरंच आहे. पण ‘आम्ही’ म्हणजे कोण? शनिवारी बंद राहणाऱ्या घाण्याबद्दल कुरकूर न करणारे ते चौल-रेवदंड्याचे लोक. त्यांच्या डोक्यात ‘भारत’ नावाचा देशसुद्धा नसेल. त्यांच्या शहाणपणाचं क्रेडिट आपण कुठल्या खात्यात जमा करून घेतोय?

आणि घ्यायचंच असेल तर सगळं घ्या. या समाजात पूर्वी ‘गोरे’ आणि ‘काळे’ असे दोन गट होते. काळे म्हणजे ज्यांच्या घराण्यात बाहेरचं रक्त मिसळलं, असं गोरे समजत ते. गोरे त्यांच्याशी सोयरीक करत नसत. ही सवय काही जहाजातून आलेली नसणार. शेजाऱ्यांकडे बघूनच लागली असणार. ती आपलीच देणगी. तिचा बॅज कुणी छापत नाही.

१९४८ मध्ये इस्रायल झालं आणि हळूहळू आळ्या रिकाम्या व्हायला लागल्या. इथून कुणी हाकललं नव्हतं. प्रार्थनेत शतकानुशतकं ज्या जेरुसलेमचं नाव घेतलं, ते आता खरंच गाठता येणार होतं. शिवाय इंग्रज गेल्यावर रेल्वे-कस्टम्समधल्या नोकऱ्यांचं काय होणार, ही धास्तीही होतीच. (तुमचा कॅनडाचा पीआर, दुसरं काय!) पण गेल्यावर? काहींना बीरशेबासारख्या वाळवंटातल्या वस्त्यांत पाठवलं. रंगावरून वागणूक वेगळी मिळते, अशी तक्रार करत काही कुटुंबांनी १९५१ मध्ये तेल अवीवला धरणं धरलं आणि ‘आम्हाला परत पाठवा’ म्हणून हट्ट धरला. १९५२ मध्ये त्यांना खरोखर विमानाने भारतात आणून सोडलं. पुढे त्यातल्या बऱ्याच जणांना पुन्हा इस्रायललाच जायचं होतं! देशप्रेम मोजायचं कुठलंही मीटर या माणसांपुढे बंद पडेल.

खरा तमाशा त्यानंतरचा. १९६०च्या दशकाच्या सुरुवातीला तिथल्या मुख्य धर्मगुरूंनी फर्मान काढलं, की बेने इस्रायलांचं लग्न इतर ज्यूंशी लावण्याआधी त्यांच्या पूर्वजांची चौकशी करा. ज्यांना इथला गावकरी न विचारता ज्यू मानत होता, त्यांना ज्यूंच्या देशात पुरावा मागितला! लोक पुन्हा धरण्यावर बसले. (हे शिक्षण कुठल्या देशातलं, ते सांगायला हवं का?) अखेर ऑगस्ट १९६४ मध्ये इस्रायलच्या संसदेने जाहीर केलं, की हे सर्वार्थाने ज्यूच आहेत.

मला या गोष्टीतली सगळ्यात अभिमानाची जागा हीच वाटते, आणि गंमत म्हणजे त्यात ना आपला झेंडा आहे, ना त्यांचा. परत येण्याची वाट माहीत असूनही ही माणसं तिथे ठाण मांडून भांडली. माझ्या ओढणीवरच्या बॅजपेक्षा ते रस्त्यावरचं बसणं मला जास्त देशाभिमानाचं वाटतं. ‘मग जा की दुसऱ्या देशात’ हे तेव्हा तिथेही कुणीतरी म्हटलंच असेल.

१९९० मध्ये ब्रिटनमध्ये नॉर्मन टेबिट नावाच्या खासदाराने स्थलांतरितांसाठी ‘क्रिकेट टेस्ट’ काढली होती. मॅच असेल तेव्हा टाळ्या कुणासाठी वाजवता, ते सांगा. इस्रायलमध्ये ही टेस्ट घ्यायची तर पंचाईतच, कारण तिथे क्रिकेट खेळणाऱ्यांत भारतातून गेलेल्यांचाच मोठा भरणा! तिथूनच ‘मायबोली’ नावाचं मराठी नियतकालिकही निघत आलंय. आपल्या कायद्याला मात्र दोन नागरिकत्वं चालत नाहीत. दुसरा पासपोर्ट घेतला की पहिलं नागरिकत्व गेलं. मग ओसीआय कार्ड. सक्तीची सैनिकी सेवा केलेल्या भारतीय वंशाच्या लोकांनाही ते मिळेल, असं पंतप्रधान मोदींनी जुलै २०१७ मध्ये इस्रायलमध्येच जाहीर केलं. म्हणजे दुसऱ्या देशासाठी बंदूक उचललेल्या माणसालाही आपण म्हणतोय, या, तुम्ही आमचेच. मला हे आवडलं.

अलिबागच्या इस्रायल आळीत ‘मागेन अबोथ’ सिनेगॉग अजून उभं आहे. नावाचा अर्थ, पूर्वजांची ढाल. आळीतली ज्यू घरं आता बोटांवर मोजण्याइतकी. तिकडे डिमोनात एखादा किहीमकर हिब्रूत शिव्या देत ट्रॅफिकमध्ये अडकला असेल, त्याने किहीम कधी बघितलंही नसेल. आपण महिन्यातून एकदा किहीमला जातो, रविवारी संध्याकाळी गाडीतली वाळू झाडतो आणि परततो. जाताना कधी नवगावला थांबलाय?